मळमळ सोसणे हे तप नव्हे

भायखळ्याहून धिम्या लोकलने निघाले की चिंचपोकळी, करी रोड आणि तिसरे स्थानक परळ. जेमतेम दहा मिनिटांचा प्रवास. परळला 28 फेब्रुवारी 1941 रोजी टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले आणि तेव्हापासून देशाच्या कानाकोपऱ्यांतून कर्करुग्ण येथे येत राहिले आहेत. दूरच्या गावांहून आलेली कुटुंबे दादर-परळच्या धर्मशाळांत महिनोन् महिने मुक्काम करतात. त्या मानाने मोतीशा शेठांच्या श्री आदीश्वर देरासराच्या छायेत पिढ्यान् पिढ्या राहणारी भायखळ्याची जैन कुटुंबे सोयीच्या जागी आहेत. आईची किंवा वडिलांची केमोथेरपी सकाळी सुरू होते, सलाईन संपते आणि दिवेलागणीपर्यंत रुग्ण आपल्या घरी, आपल्या अंथरुणावर परततो.

या सोयीबरोबर एक जबाबदारीही घरात येते. रुग्णालयात औषध शिरेतून जाते ते काही तास. त्यातून उद्भवणारी मळमळ मात्र पुढचे चार-पाच दिवस टिकू शकते. ते दिवस घरी जातात. तेथे परिचारिका नसते. असते ती स्वयंपाकघर सांभाळणारी सून, शाळेतून आलेली नातवंडे आणि दुकानाचे शटर लवकर ओढून आलेला मुलगा. म्हणून मळमळ आटोक्यात ठेवण्याचे निम्मे काम डॉक्टरांचे असले, तरी निम्मे घराचे असते. जैन घरात या निम्म्या कामाबरोबर काही वेगळे प्रश्न उभे राहतात. सूर्यास्तानंतरची गोळी कशी घ्यावी? आल्याच्या चहाऐवजी काय द्यावे? आई आज उपवास करते म्हणाली, तर करू द्यावा का? रुग्णालयाने दिलेल्या छापील माहितीपत्रकात या प्रश्नांची उत्तरे सहसा नसतात.

"साता आहे" या उत्तराआड

समाचाराला आलेला प्रत्येक जण रुग्णाला विचारतो, "साता आहे ना?" उत्तरही ठरलेले असते, "देवगुरूंच्या कृपेने साता आहे." या उत्तरात विनय आहे, श्रद्धा आहे, परंतु वैद्यकीय माहिती नाही. तेच उत्तर रुग्णाने डॉक्टरांनाही दिले, तर उपचाराची हानी होते.

उलटी डोळ्यांना दिसते, तिची वार्ता लगेच घरभर होते. मळमळ कोणालाच दिसत नाही. ती फक्त ज्याला होते त्यालाच ठाऊक असते, आणि पुष्कळदा उलटीपेक्षा मळमळच अधिक हैराण करते. आई-वडिलांच्या पिढीला आपल्या त्रासाचा उच्चार करणे संकोचाचे वाटते. मुलाचा धंद्याचा वेळ मोडतो, सुनेला पुन्हा चूल पेटवावी लागते, या विचाराने ती मंडळी गप्प राहतात. त्यातच जैन घरात एक अतिशय सोयीचा आडोसा उपलब्ध असतो, तो तपाचा. अन्नाकडे पाहवत नाही असे म्हणण्याऐवजी "आज मी उपवास केला", "आज आयंबिल आहे", "एकासणे आहे" असे सांगितले की कोणी पुढे विचारत नाही. उलट अनुमोदनाच करतात. दोन आठवड्यांनी डॉक्टर विचारतात, "उलट्या झाल्या का?" उत्तर येते, "नाही." हे उत्तर खरे असते, कारण पोटात काही गेलेलेच नसते. वजनकाटा मात्र तीन-चार किलो कमी दाखवतो, रक्ताच्या तपासण्या बिघडलेल्या असतात आणि पुढची केमो एक आठवडा लांबणीवर पडते.

तप आणि मळमळ यांतला फरक घरातील प्रत्येकाने स्पष्ट समजून घेतला पाहिजे. उपवासात अन्नाची इच्छा होऊ शकत असते आणि साधक स्वेच्छेने, समभावाने तिचा त्याग करतो. केमोथेरपीनंतरच्या मळमळीत अन्नाची इच्छाच औषधाने हिरावून नेलेली असते. तेथे त्याग कसला? तो रोगाचा उपद्रव आहे आणि त्याला उपचार आहेत. पूर्वी हे उपचार नव्हते. सिसप्लाटिनसारखे प्रभावी औषध 1970 च्या दशकात वापरात आले, तेव्हा रुग्णांना एका दिवसात अनेकदा उलट्या होत आणि त्या भीतीने काही जण उपचार अर्धवट सोडत. 1990 च्या दशकाच्या आरंभी ओन्डानसेट्रॉन आले आणि चित्र पालटू लागले. आज मळमळ निमूटपणे सोसत राहण्याचे कारण उरलेले नाही.

दोन वाटा, दोन वेळा

मळमळ कशी निर्माण होते हे थोडक्यात समजले, तर गोळ्यांच्या वेळा का पाळायच्या हे आपोआप कळते. केमोथेरपीचे औषध शरीरात शिरले की लहान आतड्याच्या अस्तरातील काही पेशी सेरोटोनिन नावाचे द्रव्य सोडतात. ते मज्जातंतूंमार्फत मेंदूतील उलटीच्या केंद्राला संदेश पाठवते. हा पहिल्या चोवीस तासांतला प्रकार. ओन्डानसेट्रॉन, ग्रॅनिसेट्रॉन, पॅलोनोसेट्रॉन ही औषधे हाच संदेश अडवतात.

दुसऱ्या दिवसापासून पाचव्या दिवसापर्यंतची मळमळ प्रामुख्याने वेगळ्या वाटेने येते. तिच्यात मेंदूतील 'सब्स्टन्स पी' या द्रव्याचा मोठा हात असतो. त्यासाठी अप्रेपिटन्ट किंवा त्याच गटातील औषध, जोडीला डेक्सामेथासोन आणि हल्ली ओलान्झापिन दिले जाते. सिसप्लाटिनसारख्या औषधानंतर ही उशिराची मळमळ साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत तीव्र असते.

घरोघरी होणारी सर्वांत मोठी चूक येथे आहे. पहिला दिवस सुखरूप जातो. रुग्ण म्हणतो, "मला काहीच झाले नाही, उगाच गोळ्या कशाला?" आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाच्या गोळ्या डबीत तशाच राहतात. पहिल्या दिवशी काही झाले नाही, कारण त्या दिवसाचे औषध शिरेतून आधीच दिलेले होते. पुढच्या दिवसांचे संरक्षण त्या डबीत आहे. मळमळ सुरू झाल्यावर तिला मागे हटवणे अवघड असते; ती येण्याआधी वाट अडवणे सोपे असते. डॉक्टरांनी "रोज घ्या" म्हणून लिहिलेली गोळी त्रास असो वा नसो रोज घ्यावी आणि "लागल्यास घ्या" म्हणून लिहिलेली गोळी पहिल्या उमाळ्यालाच घ्यावी. दोन्ही चिठ्ठ्या वेगळ्या डब्यांवर ठळक मराठीत लिहून ठेवणे उत्तम.

प्रत्येक केमो सारखी नसते, हेही लक्षात असावे. सिसप्लाटिन किंवा स्तनाच्या कर्करोगात दिली जाणारी डॉक्सोरुबिसिन-सायक्लोफॉस्फामाइडची जोडी यांचा धोका सर्वांत वरचा. संरक्षक औषध न दिल्यास दहापैकी नऊहून अधिक रुग्णांना उलट्या होतील असा. पॅक्लिटॅक्सेलसारख्या औषधांचा धोका त्यापेक्षा पुष्कळ कमी. म्हणून शेजारच्या इमारतीतील काकांना काय झाले यावरून आपल्या वडिलांचे भाकीत करू नये.

व्यक्तीनुसारही फरक पडतो. स्त्रियांना, तुलनेने तरुण रुग्णांना, गरोदरपणी ज्यांना खूप उलट्या झाल्या त्यांना आणि घाटात बस वळणे घेऊ लागताच ज्यांना मळमळते त्यांना धोका अधिक. आणखी एक गोष्ट जैन कुटुंबांनी आवर्जून ध्यानात ठेवावी. नियमित मद्यपान करणाऱ्यांना केमोथेरपीतील उलट्यांचा त्रास तुलनेने कमी होतो, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. यात मद्याची शिफारस मुळीच नाही. अर्थ इतकाच, की जन्मभर निर्व्यसनी राहिलेल्या आई-वडिलांना उलटीविरोधी संरक्षण थोडे अधिक लागू शकते. पहिल्या भेटीतच या सर्व गोष्टी डॉक्टरांना सांगाव्यात. त्या विचारल्या जाण्याची वाट पाहू नये.

मुंबईत झालेला एक अभ्यास

ओलान्झापिन हे मूळचे मनोविकारांवरचे औषध. पाकिटातील माहिती किंवा मोबाइलवर त्याचे उपयोग वाचून घरची मंडळी दचकतात, "आमच्या बाईंच्या मनाला काही झालेले नाही" म्हणून गोळी परस्पर बंद करतात. वास्तविक हे औषध मेंदूतील अनेक संदेशवाहकांवर एकाच वेळी काम करत असल्याने मळमळीवर फार गुणकारी ठरले आहे आणि उलट्यांचा धोका मोठा असलेल्या केमोथेरपीत ते आज जगभर वापरले जाते.

त्याची खरी अडचण वेगळी होती, ती झोपेची. दहा मिलिग्रॅमची गोळी घेतलेला रुग्ण दुसऱ्या दिवशीही पेंगत राहतो. त्याला आधार देऊन न्हाणीघरात न्यावे लागते, जेवताना घास तोंडात राहतो. या अडचणीवर मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्येच एक महत्त्वाचा अभ्यास झाला. 2024 मध्ये 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी' या नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला. एका गटाला नेहमीच्या औषधांबरोबर दहा मिलिग्रॅम, तर दुसऱ्या गटाला केवळ अडीच मिलिग्रॅम ओलान्झापिन देण्यात आले. उलटी नाही, जादा औषधाची गरज नाही आणि मळमळ नाही किंवा अगदी सौम्य, असे पूर्ण नियंत्रण अडीच मिलिग्रॅमच्या गटात 45 टक्के आणि दहा मिलिग्रॅमच्या गटात 44 टक्के रुग्णांत मिळाले. दिवसा येणारी तीव्र गुंगी मात्र एकात 5 टक्के, तर दुसऱ्यात 40 टक्के होती. परिणाम जवळजवळ तोच आणि मात्रा पाव.

या आकड्यांतून घरच्यांनी दोन गोष्टी घ्याव्यात. एक, गुंगी फार येत असेल तर गोळी बंद करण्याऐवजी डॉक्टरांना विचारावे, "मात्रा कमी करता येईल का?" हा प्रश्न आता पूर्णपणे सयुक्तिक आहे. अभ्यासातील बहुतेक रुग्ण स्त्रिया होत्या, त्यामुळे प्रत्येकाचा निर्णय त्याच्या डॉक्टरांनीच करायचा. गोळी घरी मोडून पाव करायची नाही. दुसरी गोष्ट, उत्तम औषधे देऊनही निम्म्याहून अधिक रुग्णांना थोडाफार त्रास उरलाच. म्हणजे औषधांनंतरही घराला करण्यासारखे पुष्कळ शिल्लक राहते.

चौविहार आणि रात्रीची गोळी

डिसेंबरात मुंबईचा सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. चौविहार करणारी व्यक्ती दुसऱ्या दिवशी नवकारशीनंतर पाणी घेते, तेव्हा जवळजवळ चौदा तास उलटलेले असतात. जूनमध्ये हे अंतर साडेअकरा तासांवर येते. निरोगी शरीराला हा संयम हितकर असेल. पण केमोथेरपीनंतरच्या दिवसांत चौदा तास कोरडे राहिल्यास शरीरातील पाणी घटते, मूत्रपिंडांवर ताण येतो आणि पाणी घटल्याने मळमळ आणखी वाढते. सिसप्लाटिनसारख्या औषधात तर मूत्रपिंडे जपण्यासाठी भरपूर पाणी पिणे हा उपचाराचाच भाग असतो.

वर्षानुवर्षे पाळलेला नियम मोडतो आहे, ही जाणीव वृद्ध आई-वडिलांना रोगाहून अधिक क्लेश देते. हा क्लेश खरा आहे आणि त्याची थट्टा करणे अयोग्य. पण शास्त्राने तो आधीच ओळखलेला आहे. पच्चक्खाणाच्या पाठांतच आगार सांगितलेले असतात. आगार म्हणजे नियम घेतानाच राखून ठेवलेली मोकळीक. त्यांतील 'सर्वसमाधिप्रत्यय' आगाराचा परंपरेने सांगितला जाणारा अर्थ असा, की तीव्र व्याधीने चित्ताची समाधी ढळत असेल, तेव्हा ती टिकवण्यासाठी औषध घेतल्यास पच्चक्खाणाचा भंग होत नाही. ज्या आचार्यांनी नियमांची इतकी सूक्ष्म मांडणी केली, त्यांनी आजाऱ्याला विसरून ती केलेली नाही.

व्यवहारात तीन पायऱ्या उपयोगी पडतात. पहिली, डॉक्टरांना आपला नियम स्पष्ट सांगावा. पुष्कळ गोळ्यांच्या वेळा सूर्यास्तापूर्वी बसवता येतात. डेक्सामेथासोन तर सकाळीच घेतलेले बरे, कारण ते सायंकाळी घेतल्यास झोप उडते. ओन्डानसेट्रॉनची तोंडात विरघळणारी गोळीही मिळते. दुसरी, जे रात्रीच घ्यावे लागते त्यासाठी चौविहाराच्या जागी तिविहार करता येतो का, ज्यात पाणी मोकळे राहते. किंवा दुविहार, ज्यात पाणी आणि स्वादिम मोकळे असते, हे महाराजसाहेबांना किंवा साध्वीजींना विचारावे. तिसरी पायरी वेळेची. ही विचारणा पहिल्या केमोपूर्वी करावी. रात्री अकरा वाजता आई ओकाऱ्या देत असताना नियमावर वाद घालण्याची पाळी येऊ नये. गुरुमुखातून मिळालेली अनुज्ञा आई-वडिलांच्या मनाला जितका दिलासा देते, तितका मुलाच्या युक्तिवादाने मिळत नाही.

कॅप्सूलचा प्रश्नही असाच. अप्रेपिटन्ट बहुधा कॅप्सूलमध्ये येते आणि कॅप्सूलचे आवरण पुष्कळदा प्राणिज जिलेटिनचे असते. ज्यांना ते चालत नाही, त्यांनी कॅप्सूल परस्पर टाळू नये. त्या गटातील औषध शिरेतूनही देता येते. आधी विचारले तर मार्ग निघतो. न विचारता टाळले तर तिसऱ्या दिवशी उलट्या होतात.

कंदमूळ वर्ज्य असलेले स्वयंपाकघर

आल्याचा चहा, उकडलेला बटाटा, मधाचे पाणी ही मळमळीवर नेहमी सुचवली जाणारी नावे जैन स्वयंपाकघरात चालत नाहीत. त्याने काही अडत नाही. ओल्या आल्याऐवजी सुंठ आहे. आल्याचा मळमळीवर काय परिणाम होतो यावर झालेल्या अभ्यासांचे निष्कर्ष संमिश्र आहेत. चिमूटभर सुंठ कोमट पाण्यात घेऊन बरे वाटत असेल तर घ्यावी; मात्र रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास किंवा प्लेटलेट्स कमी असल्यास आधी विचारावे. बटाट्याऐवजी उकडलेले कच्चे केळे, मऊ भात, पातळ मूगडाळ खिचडी. मधाऐवजी साखर-मीठ घातलेले लिंबूपाणी किंवा ओआरएस.

पदार्थ कोणता यापेक्षा तो कसा दिला जातो याला अधिक महत्त्व आहे. तीन जेवणांऐवजी दिवसाच्या उजेडात दर दोन-अडीच तासांनी वाटीभर द्यावे. रिकामे पोट मळमळ वाढवते आणि तुडुंब भरलेले पोटही. सकाळी उठताच कोरडा खाकरा किंवा मूठभर कुरमुरे अनेकांना मानवतात; नवकारशी करणाऱ्यांनी ते वेळ होताच घ्यावेत. जेवणाबरोबर पाणी कमी आणि मधल्या वेळेत घोट घोट अधिक. गरम अन्नाचा वास दरवळतो, कोमट किंवा गार अन्नाचा कमी. म्हणून मुगाचे पाणी, कोकमाचे सार, दहीभात कोमट किंवा गार द्यावा.

वासाचा विचार फार कमी घरांत होतो. हिंगाची फोडणी, तळण, तुपाची कढाई, धूप-अगरबत्ती, समाचाराला आलेल्या पाहुण्यांचे अत्तर यांतले काहीही रुग्णाला असह्य होऊ शकते. केमोनंतरचे चार दिवस तळण बंद ठेवावे. भायखळ्याच्या जुन्या चाळींत आणि इमारतींत स्वयंपाकघर व निजण्याची खोली यांत पडद्याचेच अंतर असते. अशा वेळी फोडणीच्या वेळी रुग्णाला गॅलरीत बसवणे किंवा शेजारच्या बिऱ्हाडातून डबा घेणे हा साधा उपाय आहे. तोंडाला धातूची चव येत असल्यास स्टीलऐवजी काचेची वाटी आणि लाकडी चमचा वापरावा. जेवणानंतर अर्धा-पाऊण तास बसून राहावे, लगेच आडवे होऊ नये.

जैन घराच्या काही सवयी येथे वरदान ठरतात. केमोथेरपीत पांढऱ्या पेशी घटतात आणि जंतुसंसर्गाचे भय असते. उकळलेले पाणी, ताजे शिजवलेले अन्न, रात्रीचे शिळे दुसऱ्या दिवशी न वापरणे ही आपली परंपरा आणि कर्करोगतज्ज्ञांचा सल्ला या ठिकाणी एकमेकांना मिळतात.

एका गोष्टीत संयम हवा. आईच्या हातचा जो पदार्थ वडिलांना जन्मभर आवडला, तो केमोच्या दिवशी देऊ नये. त्या दिवसाची मळमळ त्या पदार्थाला चिकटते आणि पुढे कित्येक महिने तो नकोसा होतो. आग्रहही आवरावा. "माझ्यासाठी एक घास" या प्रेमळ हट्टाने घास जातो, पण पुढच्या वेळी ताट दिसताच पोटात ढवळते. अर्धी वाटी संपली तर ती पुरे मानावी.

रुग्णाचा रोजमेळ

व्यापारी घराला हिशेब शिकवावा लागत नाही. दिवसाची जमा-नावे त्याच दिवशी लिहिली नाही, तर महिनाअखेरीस मेळ बसत नाही, हे दुकानातले लहान मूलही जाणते. आजाऱ्याच्या उशाशीही असाच एक रोजमेळ ठेवावा. तारीख आणि केमोनंतरचा कितवा दिवस. मळमळ शून्य ते दहा यांत किती, सकाळी, दुपारी, रात्री. उलट्या किती. काय खाल्ले, किती पाणी प्यायले. कोणती गोळी किती वाजता. शौच झाले का, लघवीचा रंग कसा.

हे आकडे रुग्णालाच विचारून लिहावेत आणि "बरे आहे" हे उत्तर वहीत घेऊ नये, अंकच घ्यावा. "दहापैकी किती?" असे विचारले की संकोची वडीलही "सहा" म्हणतात, जे ते एरवी बोलले नसते. पुढच्या भेटीत ही वही डॉक्टरांपुढे ठेवावी. तिसऱ्या दिवशी सायंकाळी आकडा नेहमी सातवर जातो असे दिसले, तर पुढच्या केमोला औषधे बदलता येतात. गेल्या खेपेचा खरा हिशेब नसेल, तर पुढच्या खेपेलाही तीच चिठ्ठी मिळते.

या वहीतून आणखी काही उलगडे होतात. ओन्डानसेट्रॉनने बद्धकोष्ठ होतो आणि बद्धकोष्ठाने पुन्हा मळमळ वाढते. चार दिवस शौच नाही हे वहीत दिसताच त्यावर औषध घेता येते. डेक्सामेथासोनने रक्तातील साखर चढते. मधुमेही आई-वडिलांची साखर त्या दिवसांत अधिक वेळा तपासून वहीत लिहावी. घरगुती काढा, आयुर्वेदिक किंवा होमिओपॅथिक पुड्या चालू असतील तर त्याही येथे लिहाव्यात, लपवू नयेत.

काही रुग्णांना करी रोड मागे पडले की परळच्या फलाटावर उतरण्यापूर्वीच मळमळू लागते, किंवा रुग्णालयातल्या फिनेलच्या वासाने पोट ढवळते. हे ढोंग नसते. मागच्या त्रासाची शरीराने ठेवलेली आठवण असते. तिच्यावरचा सर्वोत्तम उपाय म्हणजे पहिल्या खेपेलाच मळमळ होऊ न देणे. झालीच, तर डॉक्टरांना सांगावे. आदल्या रात्री देण्यासारखी औषधे असतात. प्रवासात संथ श्वासाबरोबर नवकाराचा जाप किंवा आवडत्या स्तवनाचे श्रवण मन दुसरीकडे वळवते.

केव्हा थांबू नये

पुढील गोष्टींत सकाळची वाट पाहू नये. चोवीस तासांत चार-पाचपेक्षा अधिक उलट्या, पाण्याचा घोट किंवा गोळीही पोटात न टिकणे, लघवी अगदी कमी किंवा गडद होणे, उभे राहताच भोवळ, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखा रंग, पोटात सतत तीव्र वेदना किंवा पोट फुगून शौच-वायू बंद होणे, असंबद्ध बोलणे. ताप 100.4 अंश फॅरेनहाइट किंवा त्याहून अधिक असल्यास, उलट्या असोत वा नसोत, रात्रीही रुग्णालय गाठावे. आपत्कालीन दूरध्वनी क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर आणि दुकानातल्या गल्ल्यापाशीही लिहून ठेवावा.

अंतरंग तपाचा वाटा

जैन धर्माने तपाचे बारा प्रकार सांगितले. सहा बाह्य, सहा आभ्यंतर. अनशन हे बाह्य तपात येते. वैयावृत्त्य, म्हणजे आजारी व वृद्धांची सेवा, हे आभ्यंतर तपात आहे. उपवासाच्या अनुमोदनासाठी घराघरांतून साजी-पारणी होतात. रात्री दोन वाजता आईपुढे भांडे धरून बसलेल्या सुनेचे अनुमोदन कोणी करत नाही. तिचे ते तप आहे, हे निदान घरातल्यांनी तरी मानावे आणि तिला एक रात्र झोप द्यावी. सेवेचे वाटप भावंडांत, जावांत, मुलींत व्हावे. एक जण रुग्णालयाची फेरी, एक जण रोजमेळ, एक जण स्वयंपाक. पुरुषांनी या वाटपातून दुकानाचे कारण सांगून सुटू नये.

ज्यांच्या घरी आज कोणी आजारी नाही, त्यांनाही या तपात वाटा घेता येतो. टाटा रुग्णालयाच्या परिसरात हरखचंद सावला आणि त्यांच्या जीवन ज्योत ट्रस्टने दूरगावच्या रुग्णांना व नातेवाइकांना वर्षानुवर्षे विनामूल्य जेवण दिले. भायखळ्यातून परळ दहा मिनिटांवर आहे. परगावच्या एखाद्या रुग्णाला दोन दिवसांआड फोडणीविना पातळ खिचडीचा डबा पोहोचवणे कोणत्याही मंडळाला जमण्यासारखे आहे.

आणि ज्यांच्या घरी आई किंवा वडील अंथरुणावर आहेत, त्यांनी आज सायंकाळी एवढेच करावे. "साता आहे ना?" हा प्रश्न बाजूला ठेवून शेजारी बसावे, वही उघडावी आणि विचारावे, "आई, आज मळमळ दहापैकी किती?" जे उत्तर येईल ते लिहावे आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवावे.